चौकट क्रमांक सात

प्रशिक्षणाच्या शेवटी एक फॉर्म दिलाय.
'आपले अध्यापनविषयक तत्त्वज्ञान. शंभर शब्दांत.'
शेजारच्या सरांनी पाच मिनिटांत भरला,
सर्वांगीण, बालककेंद्री, आनंददायी,
आणि चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.
मी पेनाचं टोपण चावत बसले
आणि मला आठवली लावण्या बोल्ली.

दुसरीत होती. बेचा पाढा येत नव्हता.
बे एके म्हटलं की खिडकीबाहेर बघायची,
तिकडे विडी घरकुलाच्या पत्र्यांवर
ऊन नुसतं उकळत असायचं.
दोन महिने तिच्या वहीत मी लाल गोल काढले.
मग एका दुपारी, सुट्टीत, फरशीवर बसून
ती चिंचोक्यांचे ढीग लावत होती, स्वतःशीच पुटपुटत:
इरवै ऐदु, याभै, डेब्बै ऐदु, नूरु.
कुठेही न अडखळता,
थेट हजारापर्यंत.

आईच्या सुपाशेजारी बसून शिकलेली.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
चाळीस कट्टे झाले की दिवस संपतो.
बे त्या घरात कधी आलाच नव्हता.

पोराला काय येत नाही हे विचारणं सोपं.
मी त्यात हुशार होते.

आणि हे मला कळायला हवं होतं.
अक्कलकोटच्या शाळेत पाण्याला 'नीरु' म्हणाले
म्हणून मी स्वतः छडी खाल्लेली, उजव्या हातावर.
मी नीरु म्हणायचे, लावण्या नीळ्ळु म्हणते,
पुस्तकात पाणी आहे.
नळाला तिन्हींपैकी काहीच नाही, चार दिवस.

ज्या दिवशी येतं त्या दिवशी माझा वर्ग निम्मा रिकामा.
हजेरीपत्रकात त्याला रकाना नाही.
म्हणून मी पेन्सिलनं, मागच्या पानावर, बारीक अक्षरात लिहिते:
सुजाता, दोन घागरी. मोईन, पाइप धरायला.
तपासणीच्या आधी खोडून टाकते.

पुरुषोत्तम चिप्पाचं मात्र फॉर्ममध्ये लिहिणार नाही.
तो ओरडून बोलायचा.
'बाई, पाणी पिऊ?' हे तीन वर्गांपलीकडे ऐकू जायचं.
दोनदा त्याला दाराबाहेर उभा केला.
पुढे मतदार यादीच्या कामाला त्याच्या गल्लीत गेले.
खाली चार माग, वर सात माणसं.
मी विचारत होते, घरात मोठे किती,
आणि त्याची आजी माझ्या ओठांकडे बघत होती.
त्या घरात हळू बोललेलं कुणापर्यंत पोचतच नाही.
खटखट, खटखट, टॉवेलवर टॉवेल.
बाहेर आले तर मीच रिक्षावाल्यावर ओरडत होते,
'अशोक चौक! अशोक चौक!'
तो म्हणाला, 'बाई, बहिरा नाय मी.'

सोमवारी त्याची माफी मागायची होती.
मागितली नाही.
खडू वाटायचं काम दिलं त्याला.
ते पुरलं असं मला आजही वाटत नाही.

तर तत्त्वज्ञान.
एकोणीस वर्षांत जे हाती आलं ते असं की
चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी
मी पेन खाली ठेवते.
एवढंच. पेन खाली.
मग विचारते, हे तुला कुणी शिकवलं गं?
बहुतेकदा कुणीतरी शिकवलेलं असतं.
कधीकधी नसतंही, आणि मग ती साधी चूक असते,
मग फुली मारते. फुलीशी माझं भांडण नाही.

शब्द मोजले. चौकटीबाहेर गेलेत.
साहेब दारात उभे, गठ्ठा हातात धरून.
'बाई, तुमचाच राहिलाय.'
बुधवारी देते म्हटलं.

बुधवारी आमच्याकडे पाणी येतं.